दिल्ली अबोली म्हणून गळ्यात मारलेली बियांची रोपं

चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-बल्लारपूरकडे अबोलीला गिऱ्हाईक पक्कं आहे. तेलुगू बोलणारी घरं पुष्कळ, आणि लग्नसराईत त्यांना कनकांबरमचे, म्हणजे अबोलीचेच, गजरे लागतातच. फुलाला वास नाही, पण तोडल्यावर लवकर सुकत नाही. त्यातही मागणी 'दिल्ली' जातीच्या गडद केशरी फुलाला. हे हेरून एक रोपवाटिकावाला आमच्या भागात फिरला आणि चार-पाच जणांना साध्या अबोलीची रोपं दिल्ली म्हणून विकून गेला.

त्याच्या वाटिकेत दिल्लीची झाडं खरीच होती. फूल तोडून हातावर ठेवायचा, "पाहून घ्या भाऊ, याचीच कलमं देतो." माल मात्र टेम्पोनं अंधार पडल्यावर आला. 14 रुपये नग. 60 बाय 40 सेंटिमीटरवर पाच गुंठ्यांत दोन हजारांच्या वर रोपं बसतात, हिशेब तुम्हीच करा.

पोल फुटली ती शेंगांमुळे. दिल्ली अबोली त्रिगुणित आहे, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. म्हणून तिला बी धरत नाही, ती छाटकलमानंच, म्हणजे फांदीची काडी कापून लावूनच, वाढवावी लागते. आमच्या वावरात तोडणीतून सुटलेली फुलांची कणसं वाळली आणि पाणी पडताच शेंगा तडतड फुटू लागल्या. अबोलीची पिकली शेंग भिजली की अशीच उकलते, बी लांब उडवते. लेकरांना मोठी मौज वाटली! काही दिवसांत सरीत बारकी रोपंही उगवली. बाजारातल्या बाईनं तर परडी पाहूनच सांगितलं होतं, "हे दिल्ली नाही जी," आणि साध्या फुलाचा भाव लावला.

रोपवाटिकावाल्याला फोन केला तर म्हणे, "तुमच्या काळ्या मातीनं जात बदलली." माती एकवेळ झाड मारेल, गुणसूत्रं कशी बदलेल?

रोपं घेताना दोन-तीन पिशव्या जागेवरच फाडा. छाटकलमाला तळाशी कापलेल्या काडीचं टोक दिसतं, मुळं त्याच्याभोवती झुपक्यानं असतात आणि फुटवा काडीच्या बाजूच्या डोळ्यातून निघालेला असतो. बियाच्या रोपाचं खोड मुळापासून सरळ एकसलग, खाली सोटमूळ. विकणारा पिशवी फाडू देत नसेल तर पैसे काढू नका. मुळांवर गाठीही पाहा. आमच्या काही रोपांसोबत सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर गाठी करणारे बारीक कृमी, आले, आता त्या पट्ट्यात वांगं-भेदरं (टोमॅटो) लावायचीही सोय राहिली नाही.

कृषी विभागाकडे गेलो तर कळलं, आपल्याकडचा 1969 चा रोपवाटिका कायदा फळझाडांपुरता आहे, फुलझाडं त्यात बसत नाहीत. रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. बियाणं विकत घेणारा शेतकरी हाही ग्राहक, असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये सांगितलेलं आहे. पण तिथे बिल लागतं, आणि आमच्या चिठ्ठीवर नुसतं 'फुलझाडे' लिहिलंय. एका शेजाऱ्यानं हट्टानं 'दिल्ली अबोली, छाटकलम' असं लिहून सही घेतली होती. आता तक्रार त्याच्याच नावानं करतोय, आम्ही बाकीचे साक्षीला. तो रोपवाटिकावाला या हंगामात कोरपन्याकडे फिरतोय म्हणतात, या वेळी मोगऱ्याची रोपं घेऊन.