हूडला फर हवी का? खरी, खोटी की नकोच

टोरांटो, मॉन्ट्रियलला जाणारी पोरं दर वर्षी हेच विचारतात, फरवालं जॅकेट घेऊ का साधं. माझं मत आधीच सांगतो, खरी फर नको. पण का नको आणि बदल्यात काय घ्यायचं ते नीट बघा, कारण बाकीचे ऑप्शनही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत.

खरी फर दोन ठिकाणांहून येते. बरीचशी फार्मवरची, म्हणजे मिंक, कोल्हे, रॅकून डॉग (रॅकूनसारखा दिसणारा, कोल्ह्याच्या नात्यातला प्राणी). मिंक हा पाणमांजराच्या नात्यातला प्राणी, मोकळा असला तर पोहणारा, एकटा फिरणारा, आणि त्याला ठेवतात साधारण ९० बाय ३० सेंटिमीटरच्या जाळीच्या पिंजऱ्यात, मग बरेच मिंक एकाच जागी गोल गोल फिरत बसतात. एप्रिल-मेमधे जन्मलेलं पिल्लू नोव्हेंबर-डिसेंबरात मारतात कारण थंडीची नवी दाट फर तेव्हा आलेली असते. मिंकला गॅस देतात, कोल्ह्याला तोंडातून आणि गुदद्वारातून विजेचा शॉक. का, तर कातड्याला डाग पडू नये! कोविडमधे, नोव्हेंबर २०२० ला, डेन्मार्कने विषाणू पसरतोय म्हणून फार्मवरचे दीड कोटीच्या वर मिंक मारायला घेतले, तेव्हा कुठे बऱ्याच जणांना कळलं की हा धंदा केवढा आहे.

हूडच्या कडेला जी झालर असते ती मात्र बहुतेक वेळा कोयोटची, म्हणजे लांडग्याच्या जातीतला जंगली प्राणी, सापळा लावून पकडलेला. पाय पकडणारे सापळे युरोपियन युनियनमधे १९९५ पासून बंद आहेत पण कॅनडा-अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी अजून चालतात, आणि सापळेवाला येईपर्यंत तो प्राणी तसाच अडकून. "जंगलातलं आहे, नॅचरल आहे" म्हणून विकतात ते हेच.

फायदा खरा आहे, खोटं कशाला बोलू. खऱ्या फरवर श्वासाचा बर्फ फारसा धरत नाही आणि चेहऱ्यावरचा वारा अडतो. पण त्यासाठी तुम्हाला कुत्र्यांच्या गाडीवरून आर्क्टिकला जायचं असायला हवं, बस स्टॉपवर पंधरा मिनिटं उभं राहायला खोल हूड आणि लोकरीचा मफलर भरपूर झाला. कॅनडा गूजसारख्या ब्रँडनेसुद्धा २०२१ ला जाहीर करून २०२२ संपेपर्यंत फर लावणं थांबवलं, ग्राहक काही गारठून मेले नाहीत.

खोटी फर म्हणजे अ‍ॅक्रिलिक, पॉलिस्टर, थोडक्यात प्लॅस्टिक. धुतली की बारीक तंतू पाण्यात जातात, ओली झाली की गुठळ्या होतात, दोन सीझनमधे जुन्या टेडी बेअरसारखी दिसायला लागते. तरी कोणाला पिंजऱ्यात ठेवलेलं नसतं. फक्त लेबलवर आंधळा विश्वास नको, खोटी म्हणून खरी फर विकल्याच्या केसेस झाल्यात, फुंकर मारून मुळाशी बघा, विणलेलं कापड दिसलं तर खोटी, चामडं दिसलं तर खरी.

सेकंडहँड खरी फर? तुमचा पैसा सापळेवाल्याकडे जात नाही हे मान्य, मला मात्र ती अंगावर मिरवायला नको वाटते, झालर चेनने निघत असेल तर काढून ठेवा.

खरा गोंधळ फरचा नाहीच, आतल्या भरावाचा आहे. डाउन म्हणजे बदक-हंसाची मऊ पिसं, वजनाच्या मानाने सगळ्यात ऊबदार, पण भिजलं की गेलं, आणि काही ठिकाणी जिवंत पक्ष्याची पिसं उपटतात म्हणून आरडीएस (रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड, म्हणजे पिसं अशी उपटलेली नाहीत याची हमी) सर्टिफिकेट बघूनच घ्या. सिंथेटिक भराव जड, फुगीर, पण ओला असला तरी ऊब देतो आणि वाळतो पटकन. मी सिंथेटिकच घेतलं, हूड खोल, फर नाही. बस पकडायला धावलं की आत घाम येतो, तेवढी एक तक्रार.