घरमालकांनो, नोटिशीची पावती हातात घेऊन वाचा

भाडेकरूने बुडवलं त्याचा राग एक वेळ निवला असता. नोटीस लिहून देणाऱ्याने बुडवलं, त्याचा निवत नाही.

इंदूरला रामबागेत आमचा वडिलोपार्जित गाळा आहे. भाडं ₹6,500, थकले 14 महिने, म्हणजे ₹91,000. कोर्टाबाहेर काळा कोट घालून बसणाऱ्या एकाने ₹7,500 रोख घेऊन ‘रजिस्ट्री’ने, म्हणजे रजिस्टर्ड टपालाने, नोटीस पाठवली. त्याच्याकडे वकिली करायचा परवाना, म्हणजे सनदच नाही हे फार उशिरा कळलं. मराठीत बोलला, आजोळ ग्वाल्हेरचं सांगितलं. भल्या माणसाला आणखी काय विचारायचं?

नोटिशीत एवढंच, ‘15 दिवसांत जागा रिकामी करा.’ थकबाकीचा आकडा नाही, मागणी नाही. वर नाव भाडेकरूच्या वारलेल्या वडिलांचं! आमच्याकडे मध्य प्रदेशात 1961 चा स्थान नियंत्रण कायदा, म्हणजे इथला भाडे नियंत्रण कायदा, चालतो. थकबाकीवरून जागा रिकामी करून घ्यायला त्याच्या कलम 12(1)(ए) खाली जायचं तर थकबाकी मागणारी नोटीस बजवावी लागते आणि दोन महिने थांबावं लागतं. पंधरा दिवसांचं प्रकरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 चं, आणि भाडे नियंत्रण कायदा असेल तिथे ती नोटीस लागत नाही हे सुप्रीम कोर्टाने 1979 मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे नको ती दिली, हवी ती दिलीच नाही.

आणि ती पावती! पोस्टाची, फिकट शाईची, माझ्या हातात होती. इंदूरचे पिनकोड 452 ने सुरू होतात हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पावतीवर 456, म्हणजे उज्जैन. मी त्या काळ्या कोटवाल्याला विचारलंही. म्हणाला, “काका, हेड ऑफिसातून फिरून जाते.” तेच मी घरी बायकोला रुबाबात समजावून सांगितलं. दावा लावणारा वकील तर खरा, सनदवाला. त्याने तीच नोटीस न वाचता फाइलला जोडली. त्याला दिसलं नाही, मग मला कसं दिसणार? दिसलं ते समोरच्या वकिलाला, माझ्या उलटतपासणीत, भर कोर्टात. पोस्टमनने दुसऱ्याच गावी दुसऱ्याच कुणाला दिलेली टपाल!

पोलिसांकडे गेलो. “ये तो सिव्हिल मॅटर है, अंकल.” अहो, खोटा वकील सिव्हिल कसा? अर्ज घेतला, पोच दिली नाही. मोठ्या साहेबांकडे गेलो, तर अर्ज फिरून त्याच चौकीत. वकिलांच्या संघाच्या ऑफिसात विचारतात, सनद क्रमांक काय? नाही हीच तर तक्रार! मग म्हणे, आमचा सदस्य नाही तर आम्ही काय करणार. पैशांची पावती सगळ्यांना हवी. रोख दिलेल्याची पावती कोण देतो?

सनद क्रमांक आधी मागा. रोख देऊ नका. ट्रॅकिंग स्वतः बघा, पोच कोणी घेतली त्याचा कागद काढून ठेवा. भाडेकरू वारला असेल तर वारसांची नावं घाला. थकबाकी महिनावार, आकड्यात लिहा.

दाव्यातला दुसरा, मुलाला धंद्यासाठी गाळा हवा हा मुद्दा टिकलाय, त्याला मागणीची नोटीस लागत नाही. थकबाकीसाठी मात्र नवी नोटीस, परत दोन महिने. कोर्ट फी आणि वकील मिळून ₹18,400 आधीच गेलेत, आणि तीन वर्षांपलीकडचं भाडं मुदतीबाहेर जातं, त्यामुळे ₹91,000 तले जुने महिने आता एकेक करून कटताहेत.