इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये गावरान कोंबडा: काही महिन्यांच्या वापरानंतर

कुकर ६ लिटरचा, १००० वॅटचा. वरण-भात, हरभरे कोणत्याही कुकरात शिजतात. खरी परीक्षा गावरान कोंबड्याची. त्यात हा पास झाला, पण 'चिकन'चं बटण विसरल्यावरच. ते बटण ब्रॉयलरसाठी बेतलेलं आहे. तेवढ्या वेळात गावरानचा तुकडा हाडाला चिकटूनच राहतो. वेळ हातानं लावा: हाय प्रेशरवर ब्रॉयलरला ६ ते ८ मिनिटं, तलंगेला (अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबडीला) १५, वर्षभराच्या कोंबड्याला २५, त्याहून जून असेल तर ३५. गॅसवरच्या कुकरात दाब साधारण १५ पीएसआय असतो, यात १० ते १२ च्या आसपास. म्हणून शिट्ट्यांचा हिशेब इथं चालत नाही.

सव्वा किलो कोंबड्याला मीठ, हळद, आलं-लसूण चोळून अर्धा तास ठेवा. 'सॉते'वर (झाकण न लावता परतण्याचं बटण) तेलात कांदा परतून तुकडे ५-६ मिनिटं परता, मग दोन कप पाणी. जास्त नको, यात पाणी फारसं आटत नाही. उलट मांसाचंही सुटतं. झाकण लावण्याआधी तळाला चिकटलेलं सगळं लाकडी उलथन्यानं खरवडून घ्या. वेळ संपली की लगेच वाफ सोडू नका. एकदम दाब उतरला की आतला रस उसळतो, मांस कोरडं पडतं आणि व्हॉल्व्हमधून तेलकट फवारा ओट्यावर येतो तो वेगळाच. १५ मिनिटं तसंच राहू द्या, उरलेली वाफ मग सोडा. झाकणावरची पिन दाब असेपर्यंत वर राहते, ती खाली बसल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.

आळणी रस्सा आधी वाटीत काढून घ्या, लेकरांसाठी. मसाला त्यानंतरच. कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला वेगळ्या कढईत तेल सुटेपर्यंत भाजा. येसर (रस्सा दाट करायचा मसाला) तर झाकणाखाली कधीच घालू नये: त्यातलं भाजलेल्या धान्याचं पीठ तळाला बसतं, तळ तापतो आणि कुकर 'बर्न' दाखवून थांबतो. थंड पाण्यात कालवलेलं येसर शेवटी, झाकण काढून, सॉतेवर ढवळत ओता. आठ-दहा मिनिटं उकळलं की तर्री वर येते. बंद झाकणाखाली ती कधी येणार नाही, आणि तर्रीशिवाय भाकरी कुस्करण्यात काय मजा!

विजेचं मात्र आधीच बघून घ्या. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की गावाकडं व्होल्टेज पडतं. २३० चं १८० झालं तर हीटरची ताकद १००० वॅटवरून सहाशेच्या आसपास येते. वेळेची मोजणी दाब भरल्यावर सुरू होत असल्यानं मांस कच्चं राहत नाही, पण दाब भरायला उशीर लागतो आणि तोवर पिनेजवळून वाफ जात राहते. अशा वेळी पाव कप पाणी जास्त घाला. मध्येच लाईट गेली तर झाकण उघडू नका, आतली उष्णता बराच वेळ टिकते. लाईट आल्यावर उरलेल्या मिनिटांचा अंदाज घेऊन पुन्हा लावा. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर हा ओढत नाही, प्रयत्नही करू नका. एक्स्टेन्शन बोर्डही नको, ढिला प्लग वितळतो.

सिलिकॉनच्या रिंगला मसाल्याचा वास बसतो आणि घासून जात नाही. दोन रिंगा ठेवा, एक मांसाहाराची, दुसरी खिरीची. कुकर ठेवताना झाकण उलटं ठेवा, वास कोंडत नाही.

बोअरच्या जड पाण्यानं भांड्याच्या तळाला आणि पिनेला पांढरा थर धरतो. पिन अडकली की दाब धरत नाही आणि लोक रिंग बदलत बसतात. आधी पिन काढून व्हिनेगरमध्ये बुडवा, अर्ध्या तासानं दातांच्या जुन्या ब्रशनं घासा. भांड्यात दोन कप पाणी आणि अर्धा कप व्हिनेगर घालून ५ मिनिटं प्रेशर दिलं की तळही निघतो.

दोन तृतीयांशापेक्षा वर भरता येत नाही. म्हणजे एक कोंबडा, पाच-सहा माणसं. पाहुण्यांची पंगत असेल तर पातेलं आणि चूलच बरी.