विरोध करणारे काकासुद्धा त्यांचेच निघाले : तोट्यातल्या रिटेल शेअरचा ग्रुप आणि आमची फसवणूक

आधीच सांगतो, शेअर पडला म्हणून रडायला हे लिहीत नाहीये. शेअर पडतात, तोट्यातल्या कंपनीत पैसे टाकणाऱ्याला तर ते माहीतच असतं. पण आमच्या बाबतीत जे झालं ते वेगळं आहे आणि तसलाच नवीन व्हॉट्सअॅप ग्रुप आता विटा-तासगाव साइडला फिरतोय असं कळलं म्हणून टाइप करायला बसलो. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो, इलेक्ट्रिकलचं छोटं दुकान आहे. डीमॅट लॉकडाऊनमधलं. आमची चार-पाच जणांची मंडळी आहे, एक मार्केट यार्डात बेदाण्याचं काम बघणारे अण्णा, एक रिटायर्ड मास्तर, एक मिरजेतला मेडिकलवाला. संध्याकाळी चहा-भडंग आणि शेअरच्या गप्पा, एवढंच. त्यातल्या मेडिकलवाल्याला कुणीतरी व्हॉट्सअॅप ग्रुपची लिंक पाठवली आणि त्याने ती आम्हाला. फुकट होता ग्रुप. तिथे एका रिटेल कंपनीवर चर्चा चालू होती, कपडे-किराणा-भांडी सगळं एका छताखाली विकणारी साखळी दुकानं, तीन-चार वर्षं सलग तोटा, शेअर नऊ रुपयाला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण कंपनीने आम्हाला फसवलं असं मला म्हणायचंच नाही, ती बिचारी तोट्यात आहे हे तिने स्वतःच्या रिझल्टमध्ये छापलेलं होतं.

आता नेहमीचे टिप देणारे कसे असतात, "उद्या दुप्पट, लगेच घ्या", ते आम्ही लांबूनच ओळखतो. हा ग्रुप तसा अजिबात नव्हता. इथे वाद चालायचा! अॅडमिनला सगळे सर म्हणायचे, ते कंपनीच्या बाजूने. आणि विरोधात एक काका, साताऱ्याचे रिटायर्ड बँक मॅनेजर म्हणून ओळख. काका रोज काहीतरी शंका काढायचे, कर्ज फार आहे हो, डीमार्ट आणि ऑनलाइनवाल्यांपुढे हे टिकणार कसे, माझा मुलगा तर म्हणतो बाबा हात लावू नका. सर शांतपणे उत्तर द्यायचे. मग काका म्हणणार हा मुद्दा पटला, पण अजून एक शंका आहे. दोन-तीन आठवडे हे असं चाललं आणि शेवटी एक दिवस काकांनी लिहिलं की मी आयुष्यभर लोनच्या फाइली तपासल्या, मला सहजासहजी काही पटत नाही, पण आज मी पहिले पाच हजार शेअर घेतले. त्या रात्री अण्णांचा फोन, "अवो, बँक मॅनेजर घेतोय म्हटल्यावर आपण कशाला बघत बसायचं?"

जनावरांच्या बाजारात दलालाचाच माणूस गिऱ्हाईक होऊन बैलाचे दात बघतो, खोड काढतो, मग दलालाने समजावल्यावर मान डोलावून भाव देतो, तसलाच हा प्रकार. आपण शेजारी उभे राहून ऐकत असतो आणि आपल्याला वाटतं दोन्ही बाजू ऐकल्या.

सरांची उत्तरं काय होती ते सांगतो, कारण नवीन ग्रुपात हीच येणार आहेत. गंमत म्हणजे बरीचशी खरी होती, म्हणून तर पचली. पहिलं उदाहरण रुची सोयाचं. दिवाळखोरीतून बाहेर आली, जानेवारी 2020 मध्ये पुन्हा लिस्ट झाली सोळा-सतरा रुपयाच्या आसपास आणि जूनपर्यंत पंधराशेच्या वर गेली. खरं आहे. पण तेव्हा जुन्या शेअरहोल्डरांचे शंभर शेअर होते त्याचा एक झाला होता आणि बाजारात लोकांकडे जेमतेम एक टक्का माल होता, म्हणून भाव असा उधळला, हे सरांनी सांगितलंच नाही. दुसरं विशालचं. 2011 मध्ये कर्जात बुडालेल्या विशाल रिटेलचा धंदा विकला गेला, जुनी लिस्टेड कंपनी व्ही-टू रिटेल नावाने पुढे चालू राहिली आणि पुढे तिचा शेअर खरंच खूप चढला. डिसेंबर 2024 ला 78 रुपयाने आयपीओ (लोकांना पहिल्यांदा शेअर विकणं) आला तो विशाल मेगा मार्टचा, म्हणजे विकलेल्या धंद्याच्या नव्या मालकांचा. सर दोन्ही एकत्र कालवून सांगायचे की बघा बुडालेलं विशाल आज कुठे आहे. तिसरं अर्थातच डीमार्ट, 2017 ला 299 ने आयपीओ होता तेव्हा पण लोक नावं ठेवत होते वगैरे. अहो पण डीमार्ट तेव्हाही नफ्यात होती आणि बहुतेक दुकानांच्या जागा स्वतःच्या, भाड्याचं ओझं नाही. तोट्यातल्या, भाड्याच्या जागेतल्या, उधारीवर माल भरणाऱ्या कंपनीशी तिची तुलना कशी होईल?

फ्युचर रिटेलचं, म्हणजे बिग बझारचं नाव मात्र त्या ग्रुपात कधीच निघालं नाही. आम्ही सगळ्यांनी कोल्हापूर-पुण्याला जाऊन बिग बझारमध्ये खरेदी केलेली, तरी कुणाला आठवलं नाही याचं मला आज नवल वाटतं. एकेकाळी तो शेअर पाचशेच्या वर होता. ऑगस्ट 2020 मध्ये रिलायन्सबरोबर 24,713 कोटीचा सौदा जाहीर झाला, अॅमेझॉन कोर्टात आणि लवादात गेली, सौदा लटकला, फेब्रुवारी 2022 मध्ये भाडं थकलेली दुकानं रिलायन्सने ताब्यात घेतली, एप्रिलमध्ये बँकांनी सौद्याविरुद्ध मत दिलं, जुलै 2022 ला दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू आणि जुलै 2024 ला लिक्विडेशनची, म्हणजे कंपनी मोडीत काढून विकायची, ऑर्डर. सौदा लटकलेला असताना लोक पडत्या भावात तो शेअर घेतच होते, रिलायन्स घेणार ना मग आपलं भलंच होणार म्हणून. दिवाळखोरी कायद्याच्या कलम 53 मध्ये पैसे वाटायचा क्रम दिलाय, आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, बिनतारणी कर्जवाले, सरकारी देणी, आणि शेअरवाले सगळ्यात शेवटी. तिथपर्यंत काही उरत नाही. डीएचएफएल ही घरकर्ज देणारी कंपनी पिरामलने घेतली तेव्हा कंपनी चालू राहिली पण जुन्या शेअरची किंमत शून्य झाली, 2021 मध्ये डीलिस्ट, म्हणजे बाजारातून शेअरच काढला. कंपनी वाचते म्हणजे तुमचा शेअर वाचतो असं नाही, हे वाक्य आमच्या मास्तरांचं, पण ते त्यांनी नंतर म्हटलं.

अजून एक खोच आहे. सर सारखे सांगायचे की कंपनी एबिट्डा (व्याज, कर, घसारा धरायच्या आधीचा नफा) पॉझिटिव्ह झाली, धंदा वळला. मी माझ्या सीए करणाऱ्या भाच्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला मामा, एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हा हिशोबाचा नियम आलाय, त्यात दुकानाचं भाडं भाडं म्हणून दिसत नाही, ते घसारा आणि व्याजात जातं, म्हणजे एबिट्डामधून भाडं गायब. सगळी दुकानं भाड्याची असलेल्या कंपनीचा एबिट्डा त्यामुळे आपोआप गुबगुबीत दिसतो. भाडं वजा करून बघ, मायनस येईल. आलं की, मायनसच आलं. शिवाय ऑडिटरने रिपोर्टमध्ये गोइंग कन्सर्नबद्दल, म्हणजे कंपनी पुढे चालू राहील का याबद्दल, शंका लिहिलेली होती, प्रमोटरचे, म्हणजे मूळ मालकांचे, बरेचसे शेअर गहाण होते, आणि सप्लायरची देणी दरवर्षी फुगत होती तर गोडाऊनमधला माल कमी होत होता. माल देणारा उधारी थांबवतो तेव्हा रिटेलचं दुकान आतून संपलेलं असतं, दुकानदार म्हणून हे मला कुणी शिकवायला नको.

त्याच भाच्याने पुण्यातल्या एका ब्रँचला चक्कर मारली. किराण्याच्या रॅकवर वरपासून खालपर्यंत एकाच कंपनीची बिस्किटं, नुसती पुढची ओळ, मागे मोकळं. फ्रीज बंद. बिलिंगचे बहुतेक काउंटर बंद. मी हे ग्रुपात लिहिलं. आणि आता बघा कसं हाताळलं. काका लगेच म्हणाले, हो मीपण ऐकलंय, मलाही काळजी वाटते सर. सर म्हणाले नवीन लेआउट करताहेत, माल बदलतोय, आणि कोल्हापूरच्या ब्रँचचा म्हणून दिवाळीच्या गर्दीचा फोटो टाकला. काका म्हणाले आता जीव भांड्यात पडला. म्हणजे माझी खरी शंका काकांनी स्वतःची करून घेतली आणि मिटवूनही टाकली. मी गप्प. पण मिरजेच्या एका मुलीने ऑडिटरच्या त्या शेऱ्याचा पान नंबर देऊन प्रश्न विचारला, तेव्हा ना सरांचं उत्तर ना काकांचं, अर्ध्या तासात ती ग्रुपातून रिमूव्ह. "निगेटिव्हिटी पसरवतात काही लोक." कोणती शंका चर्चेला ठेवतात आणि कोणत्या शंकेवर माणूसच काढून टाकतात, एवढं जरी बघितलं ना तरी सगळा खेळ कळतो.

शेअर रोज पाच टक्क्याचं अप्पर सर्किट, म्हणजे दिवसात चढायची कमाल मर्यादा, लावत चालला होता. ब्रोकरच्या अॅपमध्ये एएसएमची वॉर्निंग यायला लागली, त्यावर सर म्हणाले एएसएम लागलं म्हणजे मोठे लोक आत आलेत. वास्तविक एएसएम म्हणजे एक्सचेंज सांगतंय की या शेअरचा भाव नेहमीपेक्षा वेगळा हलतोय, जपून. मग प्रीमियम ग्रुप निघाला, पाच हजार फी, एका बाईच्या नावाच्या यूपीआयवर. अण्णांनी बेदाण्याच्या पट्टीचे पैसे घातले, मी दोन लाख तीस हजार, सरासरी चौदा रुपये. शेअर सतरापर्यंत गेला आणि मग लोअर सर्किट, म्हणजे दिवसात पडायची कमाल मर्यादा. रोज सकाळी नऊला सेल ऑर्डर लावायची आणि साडेतीनला ती तशीच पेंडिंग, घेणारा कुणीच नाही. काका म्हणत होते मी विकणार नाही, घाबरू नका, उलट खालच्या भावात अजून घेऊन अॅव्हरेज करा. माझ्या अर्ध्याच्या वर शेअरला शेवटी सहा रुपये भाव मिळाला, राहिलेले अजून पडून आहेत, सध्या चार चालू आहे.

उलगडा झाला तो मास्तरांच्या मेव्हण्यामुळे. तो कराडला, त्याच कंपनीच्या दुसऱ्या ग्रुपात होता. दोघं एका लग्नात भेटले, मोबाइल शेजारी ठेवले तर मेसेज शब्दाला शब्द तेच, टायपिंगच्या चुकांसकट. फक्त आमचे साताऱ्याचे बँक मॅनेजर काका तिकडे नाशिकच्या रिटायर्ड शिक्षिका ताई होते आणि "माझा मुलगा म्हणतो नको" याचं "माझे मिस्टर म्हणतात नको" झालं होतं. मास्तर मला म्हणाले, हसावं का रडावं ते कळेना बघ. नंतर तिमाहीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कुणाकडे किती शेअर याचा तक्ता, आला, त्यात एका कधी न ऐकलेल्या कंपनीचा वाटा जवळजवळ संपलेला आणि छोट्या शेअरहोल्डरांची संख्या दुपटीच्या वर. आमचे पैसे कुणाच्या खिशात गेले ते तिथे दिसतं. एक्सचेंजच्या साइटवर बल्क डील पण दिसतात, अर्ध्या टक्क्याच्या वरचा व्यवहार त्याच दिवशी टाकावा लागतो, भाव चढत असताना कोण विकतंय ते त्यात कळलं असतं.

हे काही फक्त आपल्या भागातलं नाही. मार्च 2023 मध्ये साधना ब्रॉडकास्टच्या शेअरबाबत सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, ऑर्डर काढली होती, तिथे यूट्यूब व्हिडिओने भाव चढवून माल लोकांच्या गळ्यात घातल्याचं म्हटलं होतं. पद्धत तीच, फक्त तिथे वाद घालायला काका ठेवले नव्हते बहुतेक.

पैसे घेऊन शेअरचा सल्ला देणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते, रिसर्च अॅनालिस्टचा नंबर आयएनएचने आणि अॅडव्हायजरचा आयएनएने सुरू होतो, सेबीच्या साइटवर नाव टाकून पडताळता येतं. आमच्या सरांनी एक नंबर दिला होता, तो निघाला भलत्याच माणसाचा, म्हणून नुसता नंबर असून चालत नाही, नाव आणि फोनपण तिथल्या नोंदीशी जुळवा. ऑक्टोबर 2025 पासून नोंदणीकृत लोकांच्या यूपीआय आयडीत व्हॅलिड हा शब्द येतो, साध्या माणसाच्या नावावर फी मागितली तर तिथेच थांबा. आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरला फोन केला, तक्रार नोंदवली गेली. फीचे पैसे फसवणुकीत धरता येतात, शेअरचा तोटा आमच्याच ऑर्डरने झालेला म्हणून तो सिद्ध करणं अवघड, असं आम्हाला सांगण्यात आलं. सेबीलाही कळवलंय.

त्या तक्रारीत अडचण एकच आहे. ज्या दिवशी लोअर सर्किट सुरू झालं त्याच रात्री अॅडमिनने बरेच मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केले, आणि वैतागून ग्रुप सोडताना आमच्यातल्या दोघांनी चॅटच पुसून टाकलं. त्यामुळे कुणी अशा ग्रुपात असाल तर बाहेर पडायच्या आधी चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा, फोन नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट काढा, यूपीआयची पावती जपा. आणि "साताऱ्याचे रिटायर्ड बँक मॅनेजर" किंवा "नाशिकच्या ताई" यांचे मेसेज ज्यांच्याकडे अजून असतील त्यांनी ते आपल्या तक्रारीला जोडा, विट्याच्या नव्या ग्रुपात ते सध्या ज्वेलरीच्या एका कंपनीवर शंका काढताहेत म्हणे.