रॉक गार्डनच्या नावाखाली ४६ हजारांना चुना लागला, तुम्ही तरी बघून घ्या

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण खरं सांगायचं तर लाज वाटत होती. वीस वर्षं गॅलरीत कुंड्या सांभाळणारी बाई आणि कॅक्टसला डिंकाने चिकटवलेलं फूल ओळखता आलं नाही म्हणजे काय. पण परवा जे बघितलं त्यानंतर म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

तळेगावला आमचं छोटं घर आहे, पुढे पंधरा बाय बाराचा तुकडा मोकळा, दर पावसाळ्यात गाजरगवत माजायचं. आम्ही दोघं रोज लोकलने पुण्याला अप-डाऊन करणारे, लॉन परवडणार नाही म्हणजे वेळेच्या हिशोबाने. एका प्रदर्शनात रॉक गार्डनवाला, म्हणजे दगडांच्या मांडणीत कॅक्टस वगैरे लावून देणारा, भेटला, रविवारी घरी येऊन माप घेऊन गेला. "ताई, एकदा लावलं की पाच वर्षं बघायचं नाही. पाणी महिन्यातून एकदा, तेही आठवलं तर." सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "दगडात कुठं बाग होते का गं?" मी हसले.

तो असंही म्हणाला की चंदीगढच्या रॉक गार्डनला झाडं आमच्याकडूनच जातात. मी मान डोलावली. नंतर भाची पोट धरून हसली, अगं मामी ते नेकचंदनी फुटक्या बांगड्या, टाइल्स, भंगार वापरून पुतळे केलेत ते, १९७६ पासून लोकांसाठी उघडं आहे, कॅक्टसची बाग वेगळी, ती शेजारी पंचकुलाला. तिथेच खोटं पकडता आलं असतं, पण मला कुठं माहीत.

सगळे मिळून ४६ हजार. त्यात ४० झाडं, मोठे दगड, पांढऱ्या मार्बल चिप्स, मजुरी सगळं आलं. तीन महिन्यांची गॅरंटी, एकही झाड गेलं तर फ्री बदलून. पैसे यूपीआयवर, ते पण दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर, बिल पाठवतो म्हणाला ते आजपर्यंत पाठवतोय. फेब्रुवारीत आम्ही ऑफिसला असताना टेम्पो आला, संध्याकाळी येऊन बघते तर डोळे दिपले. एवढाले गोल पिवळ्या काट्यांचे गोल्डन बॅरल, लाल टोपीवाले कॅक्टस, निळ्या-जांभळ्या गुलाबासारख्या एचेव्हेरिया. त्याने मोबाइलवर पन्नासेक फोटो काढले असतील.

मार्च, एप्रिल, मे सगळं मस्त. एका कॅक्टसवर पिवळं फूल होतं ते तीन महिने तस्संच, मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची बघा किती टिकतंय.

मेच्या मध्यावर गॅरंटी संपली आणि जूनमध्ये पाऊस लागला. जुलैत एक दिवस मोठा गोल्डन बॅरल जरा कलल्यासारखा वाटला म्हणून मी जाड गोणपाट धरून सरळ करायला गेले, तर तो अख्खा हातात आला. खाली मूळ नाहीच! बूड सपाट कापलेलं, तपकिरी, आतून गिळगिळीत आणि सडक्या कांद्यासारखा वास. त्याच्या शेजारचा उपटला तर तो काळ्या पिशवीसकट पुरलेला, पिशवीत पाणी. ते पिवळं फूल ओढलं तर खाली गोंदाचा पारदर्शक थेंब, फूल सुकवलेलं, कागदासारखं. निळ्या-जांभळ्या एचेव्हेरियांचा रंग पांढऱ्या खड्यांवर ओघळलेला, मधली नवीन पानं साधी हिरवी. म्हणजे स्प्रे मारलेला होता.

आमच्याकडे अधूनमधून कामाला येणाऱ्या माळीमामांनी कुदळ घातली. वर चार बोटं लाल माती, खाली साधं प्लास्टिक आणि त्याखाली बांधकामाचा राडारोडा, प्लास्टरचे तुकडे, टाइलचे कोपरे. पाणी जाणार कुठून, परातीत साठावं तसं साठलेलं. मामा म्हणाले, "ताई, हे लावलं नव्हतं, मांडलं होतं."

आता यातली मेख ऐका, मला स्वतःला हे जुलैत कळलं. कॅक्टस म्हणजे पाण्याची टाकी. मूळ कापलेलं असलं तरी आतल्या साठ्यावर तो दोन-तीन महिने टवटवीत दिसतो. गुलाब किंवा जास्वंद बिनमुळाचं लावलं तर चार दिवसांत मान टाकतं आणि चोरी पकडली जाते, इथे मेलेलं झाड गॅरंटी संपेपर्यंत हिरवं राहतं. तीन महिन्यांची गॅरंटी काय उगाच नव्हती! लाल टोपीवाला म्हणजे तर कलम असतं, वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नाही, खाली ड्रॅगन फ्रूटचा दांडा त्याला पोसतो, आणि तो दांडा पावसात सडला की खेळ खलास. कुंडीत टेबलावर ठेवायची गोष्ट ती. एचेव्हेरिया मूळच्या मेक्सिकोच्या डोंगरातल्या, आपल्याकडे कालिम्पोंगसारख्या थंड ठिकाणी छान होतात, त्यांना आमच्या तळेगावच्या पावसात उघड्यावर लावणं म्हणजे बर्फाचा गोळा उन्हात ठेवणं.

फोन केला तर म्हणे, ताई ओव्हरवॉटरिंग झालंय. मी म्हटलं अहो मी थेंब घातला नाही, पाऊस पडलाय. तर म्हणतो मग वर शेड टाकायला पाहिजे होती! लो मेंटेनन्स हं. मग फोन उचलणं बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय, ग्राहक आयोगात पण जायचं चाललंय, पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं एवढं समजलंय. पण माझ्याकडे बिल नाही, फक्त चॅट आणि यूपीआयची एन्ट्री. तेवढं बिल आधी हातात घ्या बाबांनो, मग पैसे.

आणि झाडं लावताना स्वतः समोर उभे रहा, सुट्टी टाकावी लागली तरी टाका. झाड बुडाशी हलकेच हलवून बघा, मूळ धरलेलं असेल तर डुगडुगत नाही. फूल ओढा, रंगावर नख मारा, नर्सरीवाल्याला राग आला तर येऊदे. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून किती वेळात जिरतंय ते बघा, खाली खडी-मुरूम आणि वर उंचवटा असेल तरच पुढचं बोला. आणि नर्सरीत सरळ विचारा की उघड्यावर एक पावसाळा काढलेलं झाड कुठलंय, तेच द्या. हे मला मामांनी शिकवलं, चाळीस झाडांत हा एक प्रश्न विचारला असता तर पस्तीस तिथेच गळाली असती.

माझ्याकडे काय उरलं सांगू? दोन कोरफडी, एक नागीण म्हणजे स्नेक प्लांट, कोपऱ्यातलं काटेरी युफोर्बिया, आणि सासूबाईंनी गावाकडच्या बांधावरून फुकट आणून खोचलेलं घायपात, ते तर दुप्पट झालंय. त्या काही बोलत नाहीत, नुसतं त्याच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

तर परवाचं. त्याने मला ब्लॉक केलंय पण भाचीकडे त्याचा नंबर आहे, तिने त्याचं स्टेटस दाखवलं, "दिवाळी ऑफर, लो मेंटेनन्स रॉक गार्डन", आणि खाली फोटो माझ्याच अंगणाचा, फेब्रुवारीतला. मागे हिरव्या काठाचं तुळशी वृंदावन आणि डावीकडे पायरीची निळी टाइल फुटलेली दिसतेय. तो फोटो दाखवून कुणी तुमच्याकडे आलं तर ती बाग आता नाहीये.