आपले सरकार पोर्टल: दाखला उशिरा आला तरी पावती जपा

तहसील कार्यालयातून काढायचे दाखले घरबसल्या मिळावेत, म्हणून महाराष्ट्र शासनाचं 'आपले सरकार' पोर्टल आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवास, जात, नॉन-क्रिमिलेअर (मागास प्रवर्गातलं कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला), दुकानाची नोंद, सगळं एकाच खात्यातून करता येतं. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: अर्ज दाखल करायला पोर्टल चांगलं आहे. पुढे माणसाच्या टेबलावर फाइल गेली की ते थकतं. तरीही ते वापरावंच, कारण त्यातून तारखेची पावती मिळते आणि त्या पावतीला कायद्याचं बळ आहे.

फॉर्म भरण्यापेक्षा जास्त वेळ कागद मापात बसवण्यात जातो. फोटो जेपीजी हवा, रुंदी 160 पिक्सेल, उंची 200 ते 212, आकार 5 ते 20 केबी. कागदपत्रांना 500 केबीची वरची मर्यादा आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. 75 केबीची खालची मर्यादाही आहे, हे मात्र अपलोड फसल्यावर कळतं. मोबाइलवर दाबून दाबून लहान केलेलं रेशनकार्ड 60 केबीवर येतं आणि पोर्टल ते नाकारतं. कागद सपाट ठेवून साधारण 150 डीपीआयवर स्कॅन केला की आकार मधोमध बसतो आणि अक्षरंही वाचता येतात. टेबलावरच्या कारकुनाला अक्षर लागलं नाही, तर आकार बरोबर असून उपयोग नाही.

नावाच्या रकान्यात जरा थांबा. इंग्रजीत नाव टाइप केलं की शेजारच्या रकान्यात मराठी नाव आपोआप उमटतं. 'अश्विनी'चं 'अश्विनि' होतं, 'काळे'चं 'काले' होतं. ते हाताने दुरुस्त करता येतं, पण लोक बघतच नाहीत. दाखल्यावर तेच छापून येतं, शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही, आणि मग नवा अर्ज, नवी फी.

उत्पन्नाच्या दाखल्यात सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते वर्षांच्या निवडीवर. शिष्यवृत्तीला सहसा एका वर्षाचा दाखला चालतो. नॉन-क्रिमिलेअरसाठी तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं. एका वर्षाचा काढून नॉन-क्रिमिलेअरचा अर्ज केला, तर तो त्रुटी काढून परत येणारच. नोकरदाराने फॉर्म 16 (मालकाने दिलेलं पगार आणि कापलेल्या कराचं प्रमाणपत्र) जोडावा. शेतकऱ्याने सातबारा, आठ-अ आणि तलाठ्याचा अहवाल जोडावा (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण चावडीवर अजून तलाठीच म्हणतात). प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्पपेपर घेऊन या असं कुणी सांगितलं, तर 2015 पासून अशा बहुतेक दाखल्यांना साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं, हे नम्रपणे लक्षात आणून द्या. हा पैसा लोक विनाकारण घालवतात.

आता मुद्द्याचं. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवसांची मुदत आहे. पण मुदत मोजायला सुरुवात होते ती सर्व बाबतीत पूर्ण असलेला अर्ज पोहोचल्यापासून. म्हणून 14 व्या दिवशी 'कागद अपुरे' असा शेरा पडला, की घड्याळ पुन्हा शून्यावर. पोर्टलची खरी कमजोरी इथे आहे: अपुरा कागद अपलोड करतानाच पकडला जात नाही. रेशनकार्डाच्या जागी वीजबिल टाकलं तरी पोर्टल ते निमूट घेतं. अर्ज घेतानाच तपासणीची यादी समोर आली असती, तर निम्मे हेलपाटे वाचले असते.

अर्ज फेटाळला, तर कारण लेखी द्यावं लागतं. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर 30 दिवसांत प्रथम अपील करता येतं, नंतर द्वितीय, आणि शेवटी 60 दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारण नसताना सेवा दिली नाही, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला) 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. सेवा, मुदत, अधिकारी आणि अपिलाचा अधिकारी कोण, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. तो फलक वाचा; अपिलात कुणाचं पद लिहायचं ते तिथेच मिळतं. अपील म्हणजे भांडण नव्हे, तो सेवेचाच भाग आहे.

हा उशीर फक्त गैरसोय नाही, तो धंद्याचा पैसा खातो. नवा उद्योग सुरू करणाऱ्याला कर्जासोबत अनुदान देणाऱ्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण गटाला शहरात 15 टक्के अनुदान मिळतं, तर अनुसूचित जाती, महिला अशा विशेष गटाला ग्रामीण भागात 35 टक्के. 10 लाखांच्या प्रकल्पात हा फरक दीड लाख की साडेतीन लाख, एवढा आहे. स्वतःचा हिस्साही 10 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर येतो. हे सिद्ध करायला लागतो तो जातीचा दाखला आणि गाव ग्रामीण असल्याचा लोकसंख्या दाखला. हे कागद हातात नसताना जिल्हा उद्योग केंद्राच्या अर्जाला हात घालू नका. आधी दाखले, मग प्रकल्प अहवाल.

जिथे टेबलच नाही, तिथे पोर्टल मस्त चालतं. छोट्या दुकानाला परवाना लागत नाही, फक्त सूचना द्यायची असते. दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या मूळ कायद्यात ही सवलत 10 पेक्षा कमी कामगारांना होती. सूचना भरली की पावती मिळते, बँकेतलं चालू खातं उघडायला ती उपयोगी पडते. छोट्या उद्योगांची 'उद्यम' नोंदणी केंद्र सरकारच्या वेगळ्या संकेतस्थळावर आहे आणि पूर्ण मोफत आहे; त्यासाठी पैसे मागणारी दिसायला सरकारी संकेतस्थळं टाळा.

फीबद्दल: पूर्वी दाखल्याला 33.60 रुपये पडायचे, 2025 मध्ये सेवाशुल्क 20 वरून 50 झाल्यावर तीच रक्कम 69 रुपये झाली. अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रात जास्त मागितले, तर छापील पावती मागा. पैसे कापले गेले पण अर्ज 'पेमेंट बाकी' दाखवत असेल, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी बँकेच्या नोंदीशी व्यवहार ताडून बघा.

अर्ज एप्रिल-मेमध्ये करा. जूनमध्ये प्रवेशांची गर्दी असते. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपतो, त्यामुळे एप्रिलमध्ये काढलेला पूर्ण वर्ष पुरतो. पीडीएफमध्ये सहीवर प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका, ते संगणकाने सही पडताळली नसल्याचं चिन्ह आहे. खरा पुरावा दाखल्यावरचा बारकोड क्रमांक. कुणी शंका घेतली, तर पोर्टलच्या पडताळणीच्या पानावर तो क्रमांक त्यांच्यासमोरच टाकून दाखवा.