वर्टला ऑक्सिजन द्यायचा कसा: हलवून, पंपाने की सिलिंडरने?

घरी बिअर करताना तासभर खळखळ उकळलेल्या वर्टमध्ये (धान्यातून काढलेल्या, आंबवण्याआधीच्या गोड रसात) ऑक्सिजन जवळजवळ उरतच नाही. यीस्टला मात्र पहिल्या काही तासांत तो हवाच असतो. नव्या पेशींच्या आवरणाला लागणारी स्टेरॉल त्याच्याशिवाय बनत नाहीत. कमी पडला की आंबणं रखडतं आणि बिअर गोडमिट्ट राहते.

खरेदीला निघण्याआधी यीस्टचं पाकीट बघा. कोरडं यीस्ट असेल तर पाकीट सोडून खिशात हात घालायचं कारण नाही. कारखान्यात भरपूर हवा देऊन वाढवताना त्याने स्टेरॉलचा साठा करून ठेवलेला असतो, आणि फर्मेंटिससारखे उत्पादकही पहिल्या वापराला वेगळी हवा लागत नाही असंच सांगतात. वर्ट जरा उंचावरून ओतलंत तरी पुरे. पुढचा हिशेब द्रव यीस्टवाल्यांसाठी, किंवा मागच्या खेपेच्या तळाचं यीस्ट पुन्हा वापरणाऱ्यांसाठी. (महाराष्ट्रात घरी बिअर गाळायला कायद्याची आडकाठी आहे, त्यामुळे हे मुख्यतः अमेरिका-इंग्लंडातल्या मंडळींसाठी.)

हलवणं फुकट आहे. फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, अर्धवट भरून, झाकण घट्ट लावून मिनिटभर जोरात हिंदकळायचं. साधारण ८ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत आठ भाग) ऑक्सिजन विरघळतो आणि नेहमीच्या ताकदीच्या एलला (साध्या तापमानाला आंबणाऱ्या बिअरला) तेवढा चालतो. अडचण वजनाची: २० लिटर वर्ट म्हणजे वीस किलोच्या वर. आणि बरणी काचेची असेल तर हा प्रकार अजिबात नको; ओल्या हातातून काच निसटली तर टाके घालायची वेळ येते.

माशांच्या टाकीचा पंप स्वस्तात मिळतो, म्हणून बरेच जण आधी तोच घेतात. मला तो अर्धवट उपाय वाटतो. तो देतो हवाच, आणि हवेत ऑक्सिजन २१ टक्के. म्हणजे कमाल मर्यादा हलवण्याइतकीच, शिवाय नळीत जंतू अडवणारा फिल्टर हवा. फेस तर असा चढतो की पंप बंद करून तो बसायची वाट बघायची, पुन्हा चालू करायचा; पाच मिनिटांचं काम अर्धा तास खातं. पाठीचा त्रास असेल तर जरूर घ्या.

८ पीपीएमच्या पुढे जायचं तर शुद्ध ऑक्सिजनच. गरज कुणाला? १.०८० च्या वरच्या गुरुत्वाची (पाण्याच्या तुलनेत वर्टची घनता) बार्लीवाइन किंवा इम्पीरियल स्टाउट अशा कडक बिअर करणाऱ्यांना, आणि कमी तापमानाला लागर बिअर आंबवणाऱ्यांना. अमेरिकेत हार्डवेअरच्या दुकानात छोटा लाल सिलिंडर मिळतो; त्याला रेग्युलेटर (वायूचा दाब कमी-जास्त करणारी तोटी) आणि ०.५ मायक्रॉनचा स्टीलचा स्टोन, म्हणजे बारीक छिद्रांतून बुडबुडे सोडणारं टोक, जोडायचा. मिनिटाला एक लिटरच्या वेगाने मिनिटभर सोडला की बहुतेक बिअरचं भागतं. पण छोट्या रेग्युलेटरवर प्रवाह मोजायची सोय बहुधा नसते, त्यामुळे सगळा अंदाजपंचे कारभार, आणि अति होण्याची भीती फक्त याच पद्धतीत. शेगडी पेटती असताना तर सिलिंडर उघडूच नका.

माझ्याकडे पैसे एकदाच खर्चायचे असते तर पंप वगळून थेट सिलिंडर घेतला असता, तोही वर्षातून दोन-तीन दमदार बिअर करणार असेन तरच. घेतलात तर स्टोनला बोट लावू नका, त्वचेच्या तेलाने छिद्रं बुजतात. वापरून झाला की लगेच पाण्यात उकळून ठेवा.